तिसऱ्या नंबरला कोण?

पोळा झाला की आमच्या जालन्यात दोन गोष्टींचे अंदाज सुरू होतात. एक, सोयाबीन आणि कापसाला यंदा भाव काय निघेल. दुसरी, महाराष्ट्राच्या रणजी संघात यंदा कोण कितव्या नंबरला येईल. पहिल्याचा निकाल मोंढ्यात लागतो, दुसऱ्याचा पुण्यात. दोन्हीकडे आम्हाला कुणी काही विचारत नाही, पण म्हणून बोलायचंच नाही का? :-)

रणजीचा मोसम हल्ली ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हा खरा वादाचा मोसम. अजून एकही बॉल पडलेला नसतो, कुणी शून्यावर गेलेला नसतो, कुणाचा गुडघा दुखत नसतो. कागदावरचा संघ हा जगातला सगळ्यात बलवान संघ असतो. आमच्या धंद्यात डिझाइन डॉक्युमेंट लिहून होतं आणि कोड लिहायचा बाकी असतो, तेव्हा जसं सगळं सुंदर दिसतं, तसंच अगदी.

हे वाद चालतात दाजींच्या दुकानात. दुकान बी-बियाणं आणि खताचं, रविवारी अर्धं शटर वर. (महिको 1964 साली जालन्यातच सुरू झाली, तेव्हापासून आमच्या गावात दर चौथा माणूस बियाण्याच्या धंद्यात असावा असं मला लहानपणी वाटायचं. बाकीचे तीन सळईच्या.) मी पुण्याहून आलो की तिथं जाऊन बसतो. ठरलेली माणसं असतात: बँकेतून रिटायर झालेले काका, सळईचा व्यापार असलेला दाजींचा दोस्त, समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन येणारे आणि मग तिथंच उभे राहणारे चाचा. आणि पोत्यावर बसलेला माझा भाचा, वय पंधरा, डावखुरा. त्याचं पुढे येईलच.

आता बाहेरच्यांसाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. महाराष्ट्र राज्यात रणजीचे संघ तीन. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. आम्ही मराठवाड्याचे, म्हणून महाराष्ट्राच्या वाट्याला, म्हणजे पुण्याच्या. आमच्याकडून सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात देऊळगाव राजा येतं. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. तिथला पोरगा चांगला निघाला तर नागपूरला जाणार, जालन्याचा निघाला तर पुण्याला. मधे काय आहे म्हणाल, तर शेतं. आणि 1956 पर्यंत तर आम्ही हैदराबाद राज्याच्या मुलखात होतो, म्हणजे आमचे आजोबा नकाशाप्रमाणे हैदराबादचे पाठीराखे ठरतात. विदर्भानं 2017-18 आणि 2018-19 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक नेला आणि 2024-25 ला तिसऱ्यांदा नेला, तेव्हा चाचा म्हणाले, "तीस किलोमीटर इकडं सरकवली असती ना लाइन, तर आपण पण तीनदा जिंकलो असतो." महाराष्ट्रानं शेवटचा करंडक जिंकला 1940-41 ला, देवधरांच्या काळात. त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 ला अंतिम फेरी गाठली आणि तिन्हीदा हरलो. काकांना 92-93 ची पंजाबविरुद्धची हार अजून पाठ आहे. ती ते सांगतात तेव्हा मधे बोलायचं नसतं.

तर मुद्दा नंबरांचा.

क्रिकेटमध्ये फुटबॉलसारख्या जागा नसतात असं लोकांना वाटतं. अकरा जण फलंदाजी करतात, कोणी आधी कोणी नंतर, त्यात काय एवढं? पण रणजीच्या चार दिवसांच्या सामन्यात आधी आणि नंतर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सकाळी साडेनऊला ओलसर खेळपट्टीवर नवा कडक लाल चेंडू घेऊन बॉलर येतो, तेव्हा उभं राहणं हे एक काम. दुपारी दोनला चेंडू मऊ झाल्यावर फिरकीला खेळणं हे दुसरंच. ऐंशी षटकांनंतर दुसरा नवा चेंडू मिळतो, तेव्हा सहा-सात नंबरचा गडी आत असतो आणि त्याला तळाच्या बॉलरना घेऊन धावा काढायच्या असतात, हे तिसरं. आणि तिसरा नंबर हा तर विचित्रच. पहिल्या बॉलला विकेट गेली तर तो सलामीवाला, दोनशेची भागीदारी झाली तर चार तास पॅड बांधून बसलेला. एकाच माणसाला दोन्हीची तयारी ठेवावी लागते. म्हणून जुनी माणसं म्हणतात की तीन नंबर सापडला की संघ सापडला.

महाराष्ट्राला या तीन नंबराचा वारसा मोठा आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद 443 काढल्या, त्या तिसऱ्या नंबरवर येऊन. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी 455 ची भागी. महाराष्ट्र 4 बाद 826 होता, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि काठियावाडच्या कर्णधारानं पुढे खेळायलाच नकार दिला. प्रथम श्रेणीत चारशे काढलेले ते एकमेव भारतीय, आणि तरी त्यांना कसोटी खेळायला मिळाली नाही. एकही नाही. दुकानात हा विषय निघाला की सगळे पाच सेकंद गप्प होतात. मग सळईवाला म्हणतो, "अन् आपला विजय?"

आपला विजय म्हणजे विजय झोल. जालन्याचा. हे नाव आमच्याकडे कसं घेतलं जातं ते तुम्हाला इथं बसून कळणार नाही. 2011 च्या नोव्हेंबरात, कूच बिहार करंडकात, म्हणजे 19 वर्षांखालच्या स्पर्धेत, महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद 451. निंबाळकरांपेक्षा आठ जास्त, ब्रॅडमनपेक्षा एक कमी! (हो, तो प्रथम श्रेणीचा सामना नव्हता, माहीत आहे. गावात हे कुणी बोलून दाखवत नाही.) 2012 चा 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, 2014 ला तर त्या संघाचा कर्णधार होता, आणि त्या संघात संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव ही मंडळी होती. रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्रिपुराविरुद्ध द्विशतक. आणि जानेवारी 2014 मधली वानखेडेवरची ती उपांत्यपूर्व फेरी. मुंबईला मुंबईत हरवायचं, चौथ्या डावात अडीचशेच्या वर धावा हव्यात, दोन विकेट गेलेल्या, आणि केदार जाधव नाबाद 120, विजय झोल नाबाद 91. मी तेव्हा ऑफिसात होतो. एक खिडकी कोडची, एक धावफलकाची. दर दोन मिनिटांनी पान रिफ्रेश. त्या दिवशीचा माझा कोड नंतर कुणीतरी पुन्हा लिहिला असावा. असो.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भारताच्या मुख्य संघापर्यंत गाडी गेली नाही. कामून गेली नाही, यावर आमच्याकडे जितकी डोकी तितकी मतं आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली अर्धी मतं नंबरावर येऊन थांबतात. त्याला सलामीलाच ठेवायला पाहिजे होतं. नाही, त्याला चारवर पाहिजे होतं. त्याचा नंबर सारखा बदलला. मला स्वतःला हे पटत नाही. भारतात दर वर्षी 19 वर्षांखालचे पंधरा-वीस गुणी फलंदाज तयार होतात आणि वरच्या संघात मोकळी जागा एखादीच असते. यात नंबराचा दोष कमी आणि गणिताचा जास्त. पण हे गणित जालन्यात बोलायची सोय नाही. आपल्या पोराचं काय चुकलं याला एक उत्तर लागतं, आणि नंबर हे त्यातल्या त्यात कुणालाच न दुखावणारं उत्तर आहे.

2025 चा मोसम सुरू व्हायच्या आधीचा वाद मात्र मी पाहिलेल्या वादांमध्ये सगळ्यात रंगलेला. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्रात आला होता. ऋतुराज गायकवाड होता. सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी होता. म्हणजे सलामीला खेळू शकणारे तिघे, जागा दोन. कर्णधार अंकित बावणे, पैठणचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. मधल्या फळीतला खंदा माणूस, त्याला हलवायचं नाही. मग ऋतुराजला कुठं घालायचं?

सळईवाल्याचं मत स्पष्ट होतं. "ज्यानं चेन्नईकडून सलामीला येऊन 2021 ला ऑरेंज कॅप नेली, त्याला खाली कशाला? तुमच्याकडं सगळ्यात चांगली सळई असली तर ती पायात घालता का स्लॅबवरच्या कठड्याला?" युक्तिवाद म्हणून याला तोड नाही. काका म्हणाले, रणजीत पाच नंबरला चांगला माणूस असला तर डाव दोनदा बांधता येतो. दाजी म्हणाले तीनवर. चाचा म्हणाले, "उसको पूछो ना भई."

मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गहुंज्याला मुंबईविरुद्ध सरावाचा सामना झाला. शॉ 181, अर्शीन 186, सलामीची भागी 305. संपला वाद! सलामी ठरली, सगळे आपापल्या कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध पहिला खरा सामना. महाराष्ट्राची पहिली फलंदाजी. शॉ शून्य. अर्शीन शून्य. तीन नंबरवर आलेला सिद्धेश वीर शून्य. धावफलकावर 0, 3 बाद. टायपो नाही, शून्यावर तीन. मग बावणेही शून्य. 18 वर पाच. आणि मग पाच नंबरवर आलेल्या ऋतुराजनं 91 काढल्या, सातवर आलेल्या जलज सक्सेनानं 49, आणि डाव 239 पर्यंत गेला. केरळ 219 ला आटोपला आणि पहिल्या डावाची आघाडी महाराष्ट्राला मिळाली. (जलज आधी कित्येक वर्षं केरळकडूनच खेळायचा. आपल्याच घरी पाहुणा म्हणून येऊन जेवून गेला.)

आता सांगा, वाद कोणी जिंकला? काका म्हणाले, पाहा, म्हणलं नव्हतं का मी, पाचवर होता म्हणून वाचलो. सळईवाला म्हणाला, सलामीला असता तर 0 ला 3 झालेच नसते. दोघांचंही खोटं ठरवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये निदान जुनी आवृत्ती परत लावून, तोच इनपुट देऊन बघता येतं. इथं तो सकाळचा चेंडू एकदाच पडतो. पुढच्या काही आठवड्यांत शॉनं चंडीगढविरुद्ध 156 चेंडूंत 222 काढल्या, आणि डिसेंबरात ऋतुराजनं रायपूरला भारताकडून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वनडेतलं पहिलं शतक मारलं, तेही चौथ्या नंबरवर, जिथं तो फारसा कधी खेळलेला नाही. तेव्हा सळईवाला दोन रविवार दुकानात आला नाही. धंद्याचं काम होतं म्हणाला.

हे सगळं भाचा ऐकत असतो. एरवी बोलत नाही.

त्याची गोष्ट अशी. तो दोन वर्षं सलामीला खेळतोय. आमच्याकडे पोरं मॅटवर शिकतात, त्यामुळे चेंडू उसळतो, मागच्या पायावरचे फटके चांगले होतात आणि पुढे येऊन खेळायला जड जातं. हा त्यातल्या त्यात पुढे येतो. चांगला आहे, विजय झोल नाही. हे मी मामा असून म्हणतोय. आता 16 वर्षांखालच्या निवड चाचणीच्या आधी त्याच्या सरांनी सांगितलं: सलामीला आपल्याकडे तिघं आहेत, तू ग्लोव्हज घाल, सातवर ये. कीपर म्हणून तुझं नाव पक्कं पुढे पाठवतो. कारण साधं आहे. प्रत्येक यादीत दोन कीपर लागतातच, आणि त्याचे हात खरोखर चांगले आहेत. सरांचं काही वावगं नाही. त्यांना पोरगं यादीत बघायचंय.

पण सातव्या नंबरचं काय होतं ते कुणी मोजलंय का? वरचे चांगले खेळले तर त्याची पाळी येत नाही. आली तर शेवटची दहा षटकं, नाबाद 14. मोसम संपल्यावर निवड करणाऱ्यांच्या हातात कागद जातो, त्यावर त्याच्या नावापुढे डाव चार, धावा 51. ओपनरच्या नावापुढे डाव आठ, धावा 240. कागद वाचणाऱ्याला हे दिसत नाही की चारच वेळा बॅट मिळाली. दुसऱ्या बाजूनं, सलामीला दोन सामन्यांत दोनदा लवकर आउट झाला तर त्या पोराला तिसरा सामना मिळत नाही. कीपरला मिळतो. झेल घेतले की त्याची भाकरी सुटली.

ताई म्हणते ग्लोव्हज घाल. तिचं म्हणणं, यादीत नाव असलं तर पुढचं बघता येतं, बाहेर बसून कुठला नंबर अन् कुठलं काय. दाजींचं म्हणणं, ज्यानं नवा चेंडू सोडला त्याला तो पुन्हा हातात मिळत नाही. दोघं आठ दिवस एकमेकांशी याच विषयावर बोलत होते, आणि मग आठ दिवस कुठल्याच विषयावर नाही. मला फोन. "तू पुण्यात असतोस, तू सांग." जसा काही मी निवड समितीच्या शेजारी राहतो. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये राहतो.

दुकानात विषय काढला तर चौघांनी आपापल्या पुराव्यानिशी सुरुवात केली. काकांनी बीडच्या सचिन धसचं नाव काढलं. 2024 चा 19 वर्षांखालचा विश्वचषक, बेनोनीला उपांत्य फेरी, 245 चा पाठलाग, 32 वर चार गडी बाद, आणि सहा नंबरवर येऊन धसनं 96 काढल्या. "खालून येऊनच नाव झालं ना?" काकांचा मुद्दा. दाजी म्हणाले, तो सहावर आला कारण त्याला सहा जमतो, जागा नव्हती म्हणून नाही. मग केदार जाधव निघाला. महाराष्ट्राकडून चारवर येऊन 2013-14 च्या मोसमात 1223 धावा, आणि भारताकडून त्याला जागा मिळाली ती सहावर. 2017 च्या जानेवारीत पुण्यात इंग्लंडविरुद्ध 351 हवे होते, 63 ला चार गेले होते, कोहली समोर होता आणि यानं 76 चेंडूंत 120 मारल्या. म्हणजे सहा नंबर वाईट नाही. पण, दाजी म्हणाले, आधी वर खेळून हजारो धावा काढल्या, मग खाली गेला. खालून वर कोण गेलंय ते सांगा.

यावर सगळे थांबले. एकदोन नावं निघाली, मोठी नावं, पण ती मोठी माणसं होती. पंधरा वर्षांच्या पोराला त्यांचा दाखला कसा द्यायचा?

माझं मत विचाराल तर मी दाजींच्या बाजूचा आहे, आणि ताईला हे सांगितलंय. पंधराव्या वर्षी नंबर ही बक्षिसाची जागा नसते, शिकायची जागा असते. नवा चेंडू कसा सोडायचा हे नवा चेंडू समोर आल्याशिवाय कळत नाही, आणि मॅटवरून टर्फवर गेलेल्या पोराला तर तेच सगळ्यात आधी कळायला पाहिजे. एखादं वर्ष यादीच्या बाहेर गेलं तरी चालेल. ताई म्हणाली, "तुझं वर्ष नाही ना जायलंय." यावर मला उत्तर नव्हतं. अजून नाही. जिल्ह्याच्या गावातून पुण्याच्या यादीत जायला पोराला दोन, फार तर तीन संधी मिळतात. त्यातली एक शिकण्यात घालवा असं सांगणं फोनवरून सोपं आहे.

परवा दुपारी मी दुकानात एकटाच बसलो होतो, दाजी बँकेत गेलेले. भाचा पोत्यावरून उतरून आला आणि म्हणाला, "मामा, एक सांगू? मला कीपिंग आवडायलंय."

"अन् सलामी?"

"ती पण." मग जरा थांबून, "पन्नास ओव्हर कीपिंग करून लगेच पॅड बांधून सलामीला गेलं तर चालत नाही का?"

चालतं म्हणलं, पण पाय दुखतात. मोठी माणसंसुद्धा शक्यतो टाळतात. दिवसभर उठबस केल्यावर माणसाला बसायला थोडा वेळ लागतो, म्हणून तर कीपरला खाली ठेवतात. त्यानं मान हलवली. शनिवारच्या मॅचला बघतो म्हणाला.

शनिवारी त्यानं सरांना विचारलं. सर म्हणाले, एक मॅच बघू. चाळीस ओव्हर कीपिंग, दोन झेल, एक स्टंपिंग, मग सलामीला जाऊन 23. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उतरत होता. चाचणी पुढच्या गुरुवारी आहे. फॉर्ममध्ये एकच रकाना आहे, त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि दुकानात सध्या महाराष्ट्राचा विषय बंद आहे.